उबदार भिंती, तापणाऱ्या तारा : प्रस्तावना

ब्रिटनमधल्या साध्या दुमजली घराचा माळा घ्या. छताच्या जिप्सम बोर्डावर लाकडी वाशांची रांग, प्रत्येक वासा सुमारे १०० मिलिमीटर उंच, आणि वाशांमधल्या गाळ्यांत तेवढ्याच जाडीचा ग्लासवूलचा थर. दिव्यांच्या आणि सॉकेटच्या केबली या थराच्या वरून, वाशांना क्लिपा मारून नेलेल्या. घर गरम ठेवण्याचे बिल परवडेनासे होते, तेव्हा या जुन्या थरावर १७० मिलिमीटर जाडीची नवी गुंडाळी आडवी अंथरली जाते. एकूण जाडी २७० मिलिमीटर. तिकडे आज साधारण तेवढीच सुचवली जाते. काम एका दिवसात उरकते. वायरमनला कोणी बोलावत नाही, कारण विजेच्या कामाला कोणी हात लावलेलाच नसतो.

तरीही त्या दिवशी विजेच्या कामात एक मोठा बदल झालेला असतो. अडीच चौरस मिलिमीटरची जी चपटी केबल मोकळ्या हवेत लाकडाला लागून होती, तिला ब्रिटिश वायरिंग नियमांप्रमाणे, म्हणजे बीएस ७६७१ प्रमाणे, २७ अँपिअर प्रवाह वाहून नेता येत होता. दोन थरांच्या मध्ये पुरती दबल्यावर तिला १३.५ अँपिअरच वाहून नेता येतो. तांबे तेच, वेष्टन तेच, बोर्डातला एमसीबी तोच, घरातली उपकरणे तीच. क्षमता मात्र निम्मी. आणि एमसीबीला हे कळण्याचा काही मार्ग नाही. तो प्रवाह मोजतो; माळ्यावर कोणी काय अंथरले ते त्याला दिसत नाही.

या एका उदाहरणात आपला सगळा विषय सामावलेला आहे. केबलची क्षमता ही एकट्या केबलची नसते, ती केबल आणि भिंत या दोघींची मिळून असते. हे मनात पक्के बसले की पुढचे कोष्टक, गुणक, आकृत्या सगळे त्याचाच विस्तार वाटू लागते. म्हणून या विषयाकडे वळणाऱ्या प्रत्येकाचे, मग तो वायरमन असो, वास्तुविशारद असो, स्थापत्याचा विद्यार्थी असो की छतात ग्लासवूल भरणारा कंत्राटदार, मनापासून स्वागत करताना मी सुरुवात याच वाक्याने करतो.

तारेतून प्रवाह गेला की ती तापते, आणि ही उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. जेम्स जूलने हे १८४० च्या सुमारास प्रयोगांनी दाखवले. आपल्या केबलचे आकडे घेऊन पाहू. अडीच चौरस मिलिमीटर तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.००७४ ओहम असतो. तार ७० अंश सेल्सिअसला पोहोचली की तो पाचव्या हिश्शाने वाढतो. जाणारी आणि येणारी अशा दोन तारा धरल्या, तर २७ अँपिअरला केबलच्या प्रत्येक मीटरमध्ये साधारण १३ वॉट उष्णता तयार होते. मोकळ्या हवेत एवढी उष्णता निघून जाते आणि तार ७० अंशांच्या पलीकडे जात नाही. नेहमीच्या पीव्हीसी वेष्टनाची मर्यादा तीच आहे. आता प्रवाह निम्मा करा. उष्णता पाऊणपट घटून मीटरमागे सव्वातीन वॉटवर येते. ग्लासवूलमध्ये गाडलेल्या तारेला ७० अंशांवर टेकवायला हे सव्वातीन वॉटच पुरतात. मोबाइलच्या चार्जरला लागते त्याहूनही कमी शक्ती, पण तिला बाहेर पडायला वाट नसते.

तार ७० अंशांच्या वर गेली म्हणजे लगेच पेटते असे नाही. आणि त्यामुळेच हा दोष इतकी वर्षे लपून राहू शकतो. वेष्टनाचे आयुष्य कमी होत जाते. ढोबळ मानाने दर आठ-दहा अंशांच्या वाढीला आयुष्य निम्मे होते असा जुना अनुभवसिद्ध ठोकताळा विद्युत अभियंते वापरतात. तीस-चाळीस वर्षे टिकायला हवे ते वेष्टन दहा वर्षांत कडक होते, चिरते, आणि मग एखाद्या दिवशी छतात काम करणाऱ्याचा हात लागला की उघडे पडते.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण मला हा विषय आवडू लागला तो तिच्यामुळे. तारेवर पीव्हीसीचे वेष्टन चढवले की तिची उष्णता कोंडली जाईल असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात उघड्या तारेपेक्षा वेष्टन असलेली बारीक तार अधिक सहज थंड होते. वेष्टन उष्णतेला थोडे अडवते खरे, पण त्याच वेळी बाहेरचा पृष्ठभाग वाढवते, आणि हवा उष्णता घेते ती पृष्ठभागावरून. एका ठरावीक त्रिज्येपर्यंत पृष्ठभागाचा फायदा अडथळ्यावर मात करतो, त्यानंतर अडथळा जिंकतो. ही सीमा म्हणजे पदार्थाची उष्णतावाहकता भागिले पृष्ठभागावरून हवेला उष्णता जाण्याचा दर. पीव्हीसीची वाहकता ०.१७ च्या आसपास आणि घरातल्या हवेसाठी तो दर १० च्या आसपास धरला, तर सीमा १७ मिलिमीटर येते. केबल तिच्या खूप आत असते. ग्लासवूलची वाहकता ०.०४. त्याची सीमा येते ४ मिलिमीटर, म्हणजे केबलच्या स्वतःच्या निम्म्या रुंदीइतकीच. तेव्हा केबलभोवती ग्लासवूलचा जो काही थर येईल, तो जवळजवळ पहिल्या मिलिमीटरपासून नुसता अडवतच जातो. अभियांत्रिकीच्या पाठ्यपुस्तकात हे गणित भेटते आणि परीक्षेनंतर विसरले जाते. माळ्यावरच्या अंधारात ते रोज चालू असते.

उष्णतेचे आणि विजेचे नाते तसे फार जुने आहे. फूरिएचा उष्णतावहनावरचा ग्रंथ १८२२ चा. १८२७ मध्ये ओहमने आपला नियम मांडला तो त्याच धर्तीवर, उष्णता जशी वाहते तशी वीज वाहते असे धरून. पुढे दोन्ही शास्त्रांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या की आज एकाच इमारतीच्या नकाशांत उष्णतेचा माणूस आणि विजेचा माणूस एकमेकांची पाने उघडत नाहीत. १९५७ मध्ये नेहर आणि मॅकग्रा या अमेरिकी अभियंत्यांनी केबलचे तापमान आणि भारक्षमता काढण्याची रीत सविस्तर लिहिली. तिचा गाभा हाच, की केबलभोवतीच्या प्रत्येक थराला एक ‘उष्णतेचा रोध’ मानायचा आणि विद्युत मंडलासारखी बेरीज करायची. त्यांचे लक्ष मुख्यतः जमिनीखालच्या मोठ्या केबलींकडे होते. घराच्या भिंतीतल्या बारीक केबलीला तसे लक्ष मिळायला बराच काळ जावा लागला.

ब्रिटनमध्ये विजेच्या कामाचे पहिले नियम १८८२ चे. त्यांच्या नावातच आगीचा धोका टाळण्याचा उल्लेख होता, हे मला महत्त्वाचे वाटते: घरातल्या वायरिंगची शिस्त मुळातच उष्णतेच्या भीतीतून आली. घरांत उष्णतारोधक थर भरण्याचा जोर मात्र १९७३ च्या तेलसंकटानंतरचा. नंतर प्रत्येक सुधारणेबरोबर थर जाड होत गेले आणि नियमांना त्यांच्या मागे धावावे लागले. २००८ च्या सतराव्या आवृत्तीपासून चपट्या केबलीसाठी जे कोष्टक आहे, ते नव्याने येणाऱ्याने शांतपणे वाचावे. आपल्या अडीच चौरस मिलिमीटरच्या केबलला पृष्ठभागावर उघड्यावर २७ अँपिअर. छताच्या बोर्डाला टेकून, वर १०० मिलिमीटरपर्यंत थर असेल तर २१. थर त्याहून जाड असेल तर १७. थराने भरलेल्या पोकळ भिंतीत आतल्या बोर्डाला टेकून असेल तर पुन्हा २१. आणि त्याच भिंतीत बोर्डाला न टेकता मधोमध लोंबत असेल तर १३.५. शेवटच्या दोन आकड्यांत फरक पडतो तो केबल बोर्डाला टेकली की नाही एवढ्यावरून. जिप्सम बोर्ड काही फार चांगला वाहक नाही, पण तो खोलीशी जोडलेला आहे, आणि तेवढा आधार केबलला साडेसात अँपिअर मिळवून देतो.

केबल थोड्याच अंतरापुरती थरातून जात असेल तर दंड कमी असतो: ५० मिलिमीटर लांबीला गुणक ०.८८, १०० ला ०.७८, २०० ला ०.६३, ४०० ला ०.५१, आणि अर्ध्या मीटरपासून पुढे सरळ ०.५. कारण तांबे ग्लासवूलपेक्षा उष्णता सुमारे दहा हजार पट चांगली वाहते. लहान तुकड्यातली उष्णता तारेतूनच दोन्ही टोकांकडे सरकते आणि बाहेरच्या मोकळ्या भागात निघून जाते. लांबी वाढली की मधल्या भागाला टोके दूर पडतात.

या आकड्यांचा खरा त्रास ब्रिटिश घरांच्या एका खास रचनेत दिसतो. तिथे सॉकेटचे मंडल बहुधा कड्यासारखे असते: केबल बोर्डातून निघते, सगळ्या सॉकेटना भेटून पुन्हा बोर्डात येते. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या घरबांधणीत तांबे वाचवण्याच्या गरजेतून ही पद्धत रुजली, आणि फ्यूज असलेला १३ अँपिअरचा तिचा प्लग १९४७ च्या मानकात आला. आज या कड्याला ३२ अँपिअरचे संरक्षण असते आणि प्रवाह दोन बाजूंनी वाटला जातो म्हणून केबलची क्षमता किमान २० अँपिअर असली तरी चालते. थरावरची केबल २७ ची होती, छताला टेकलेली २१ ची, दोन्ही ठीक. जाड थराखाली १७ झाली की नियम मोडला. मधोमध लोंबली तर फारच मोडला. ‘जाड केबल टाका’ हे पहिले उत्तर सुचते. पण चार चौरस मिलिमीटरची केबलसुद्धा भरलेल्या भिंतीत मधोमध १७.५ अँपिअरचीच राहते; सहाची घ्यावी तेव्हा कुठे २३.५ मिळतात, आणि सहाची केबल सॉकेटच्या पेटीत वळवून बसवताना वायरमनचे हाल होतात. माझे मत असे, की या विषयात केबलच्या जाडीपेक्षा केबलचा मार्ग आधी बदलून पाहावा. केबल उचलून थराच्या वर आणता येते, बोर्डाला नीट टेकवता येते, आतल्या भिंतीतून नेता येते. मार्ग बदलायला तांबे फारसे लागत नाही, नकाशावर वेळेत केलेला विचार लागतो.

वेळेत हा शब्द मी मुद्दाम वापरतो, कारण घरांवरचा विजेचा भार आता वेगळ्या जातीचा होत चालला आहे. इंग्लंडच्या न्हाणीघरात साडेनऊ किलोवॉटचा विजेचा शॉवर असतो. तो ४१ अँपिअर घेतो, पण आठ-दहा मिनिटेच. तेवढ्या वेळात जाड केबल आपल्या अंतिम तापमानाला पोहोचतही नाही. या थोड्या वेळाच्या सवलतीवर कितीतरी जुन्या केबली तगून आहेत. विजेची मोटार चार्जिंगला लावली की ती ३२ अँपिअर सलग सहा-सात तास ओढते. सहा चौरस मिलिमीटरच्या केबलला उघड्यावर ४७ अँपिअर जमतात, जाड थराखाली २७. म्हणजे तीच केबल गॅरेजच्या भिंतीवर निर्धास्त आणि माळ्यावर रात्रभर मर्यादेच्या वर. उष्णता-पंपही थंडीत तासन्‌तास चालतो. घर जाड थरात गुंडाळायचे ते इंधन वाचवण्यासाठी, आणि गॅस-पेट्रोलवरून विजेवर यायचे तेही त्याचसाठी. पण या दोन चांगल्या कामांची गाठ पडते ती भिंतीतल्या केबलपाशी. दोन्ही कामांचे अनुदान, दोन्हींचे कंत्राटदार, दोन्हींची तपासणी वेगवेगळी असते.

या वेगळेपणाची किंमत काय असू शकते ते ऑस्ट्रेलियात दिसले. जागतिक मंदीला उत्तर म्हणून तिथल्या केंद्र सरकारने फेब्रुवारी २००९ मध्ये घरांच्या छतांत उष्णतारोधक थर भरण्याची मोठी योजना जाहीर केली. दहा लाखांहून अधिक घरांत काम झाले, आणि ते करायला नवखी तरुण मुले मोठ्या संख्येने आली. योजनेच्या काळात चार तरुण कामगार मेले: तिघे विजेचा धक्का बसून, एक छतातल्या उष्म्याने. दोघांच्या मृत्यूत चकचकीत धातूचे फॉइल वाशांवर ठोकताना धातूची स्टेपल खालच्या केबलमध्ये घुसली होती. क्षणात सगळे फॉइल जिवंत झाले. फेब्रुवारी २०१० मध्ये योजना बंद केली गेली. इयन हँगर यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल २०१४ मध्ये आला. त्याआधी २००७ मध्ये शेजारच्या न्यूझीलंडमध्ये फॉइल आणि स्टेपलमुळेच तीन कामगार गेले होते. माहिती समुद्रापलीकडे होती, छपाईत होती, आणि तरी ती माळ्यावर चढणाऱ्या मुलापर्यंत पोहोचली नाही. या विषयाचा अभ्यास कशासाठी करायचा असे कोणी विचारले, तर मी कोष्टकांच्या आधी या मुलांची आठवण सांगतो.

अमेरिकेतली गोष्ट वेगळ्या वाटेने तिथेच येते. १८८० च्या दशकापासून पुढे अर्धशतकभर तिथल्या लाकडी घरांत चिनीमातीच्या खुंट्यांवर आणि नळ्यांतून तारा सुट्या, मोकळ्या हवेत ताणत. हवा हाच त्यांच्या थंड राहण्याचा मार्ग होता. तेलसंकटानंतर त्याच पोकळ्यांत थर फुंकले जाऊ लागले, आणि १९८७ च्या राष्ट्रीय विद्युत संहितेने अशा तारा थराने भरलेल्या पोकळीत ठेवायला मनाई केली.

उष्णतेखेरीज रसायनाचाही एक धागा आहे. पीव्हीसी मऊ राहावे म्हणून त्यात मिसळलेला तेलकट पदार्थ थर्माकोलला लागला की हळूहळू थर्माकोलमध्ये शिरतो. वेष्टन कडक होते, थर्माकोल खचतो, आणि केबल त्यात रुतून बसते. भिंतीच्या पोकळीत थर्माकोलचे मणी फुंकले असतील, किंवा थर्माकोलच्या साच्यांत काँक्रीट ओतून घर बांधले असेल, तर केबल पाइपातून न्यावी किंवा मध्ये दुसऱ्या पदार्थाचा पडदा ठेवावा. उपाय स्वस्त आहे, पण तो भिंत बंद होण्याआधीच करता येतो.

जर्मनीत डार्मस्टाट-क्रानिखश्टाइन इथे १९९१ मध्ये पहिले ‘पॅसिव्हहाउस’, म्हणजे अगदी थोड्या ऊर्जेवर उबदार राहणारे घर, उभे राहिले आणि हवाबंदपणाचा एक कडक निकष घरबांधणीत आला: ५० पास्कल दाबफरकाला तासात घरातली ०.६ पटीहून अधिक हवा बदलता कामा नये. अशा घरात केबलसाठी पाडलेले प्रत्येक छिद्र मोजले जाते. त्यातून बाहेर निघणारी ओलसर हवा थराच्या थंड भागात पाणी सोडते आणि लाकूड कुजवते. त्यावरचा तोडगा मला फार समंजस वाटतो. हवाबंद पडद्याच्या आतल्या बाजूला चार-सहा सेंटिमीटरची एक पोकळी वायरिंगसाठी राखून ठेवायची, म्हणजे सॉकेट-स्विचसाठी पडदा फाडावाच लागत नाही. ही पोकळी रिकामी ठेवली तर केबलही थंड राहते. ऊर्जेच्या हिशेबासाठी तीही थराने भरली, तर आपण पुन्हा १३.५ अँपिअरच्या ओळीत येऊन बसतो.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे सगळे परदेशातले वाटू नये. आपल्याकडे सिंगल तारा पीव्हीसी पाइपातून विटांच्या भिंतीत आणि स्लॅबमध्ये नेतात. वीट आणि काँक्रीट उष्णता बऱ्यापैकी वाहतात, म्हणून आजवर आपले निभावले. पण भोवतालचे तापमान आपल्या विरुद्ध असते. ब्रिटिश कोष्टके ३० अंश धरून केलेली. ४० अंशांना पीव्हीसीच्या तारेची क्षमता ०.८७ पट होते, ४५ ला ०.७९ पट, आणि विदर्भातल्या मे महिन्यात वरच्या मजल्याचा स्लॅब दुपारी याहूनही तापतो. आता भिंती एएसी ब्लॉकच्या येत आहेत, ज्यांची उष्णतावाहकता काँक्रीटच्या सुमारे दहाव्या हिश्शाची असते. २०१८ च्या ‘इको निवास संहिते’ने निवासी इमारतींच्या भिंती-छतांच्या उष्णतेला मर्यादा घातली, छताचा यू-मूल्यांक, म्हणजे छतातून उष्णता जाण्याचा दर, १.२ वॉट प्रतिचौरस मीटर प्रतिअंशाच्या आत असावा असे सांगितले. इथे एक लक्षात घ्यावे. गच्चीवर, स्लॅबच्या बाहेरून थर दिला, तर स्लॅब थंड राहतो आणि त्यातल्या तारांचे भलेच होते. तोच थर स्लॅबच्या खालून, थर्माकोल चिकटवून आणि पीओपीचे फॉल सीलिंग करून दिला आणि एसीची वायर त्या दोन्हींच्या मधून नेली, तर भोवतालची उष्णता आणि कोंडमारा दोन्ही तिच्या वाट्याला येतात. थर तोच, जाडी तीच. तार त्याच्या कोणत्या बाजूला आहे यावर सगळे ठरते. आपल्याकडच्या घरांसाठी हा भेद कोष्टकात यायला हवा, आणि ते काम करायला नव्या अभ्यासकांना भरपूर जागा आहे.

जागा इतरत्रही आहे. वर दिलेले ०.८८ ते ०.५ चे गुणक ०.०४ हून अधिक वाहकतेच्या थरांसाठी आहेत. आजचे पीआयआर फोमचे पत्रे ०.०२२ पर्यंत उतरले आहेत, म्हणजे नवे घर कोष्टकाच्या कक्षेबाहेर उभे आहे. सलग आणि खंडित भारांचा फरक घरगुती केबलसाठी कसा मोजावा, एकाच भोकातून गेलेल्या पाच-सहा केबली थरात गाडल्या गेल्यास एकमेकींना किती तापवतात, यांचीही कोष्टकात मावतील अशी सोपी उत्तरे हवी आहेत. अमेरिकी संहितेने फोमने बुजवलेल्या एकाच भोकातून दोनाहून अधिक केबली गेल्या तर क्षमता कमी धरायला सांगितले आहे. ही सुरुवात चांगली आहे.

विजेचे काम शिकलेल्याने या विषयात शिरताना आधी भिंतीचा आडवा छेद काढायला शिकावे, आणि त्यात प्रत्येक थराची जाडी व वाहकता लिहावी. वास्तुविशारदाने आधी केबलचे कोष्टक घ्यावे आणि आपल्याच एखाद्या पूर्ण झालेल्या घरातली केबल त्यातल्या कोणत्या ओळीत बसते ते शोधावे. बहुतेकांना ती ओळ सापडत नाही, कारण केबल नेमकी कुठून गेली याची नोंदच नसते. तेव्हा बोर्ड ठोकण्याआधी प्रत्येक भिंतीचा आणि छताचा फोटो काढून, त्यावर मापे आणि तारीख घालून, तो मीटरच्या पेटीत ठेवायचा, ही सवय पहिल्याच घरापासून लावून घ्यावी.